जुन्या रिकर्व्हला डॅक्रॉनचीच दोरी
ऑलिम्पिक खेळलेला तिरंदाज प्रवीण जाधव याच्यामुळे साताऱ्यात रिकर्व्हची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची, ओढ वाढली आहे. कुणाला १९७० च्या दशकातलं लाकूड-फायबरग्लासचं धनुष्य मिळालं, तर आधी दोरी बदला आणि ती डॅक्रॉनचीच (एक प्रकारचा पॉलिएस्टर धागा) घ्या. आजच्या नव्या दोऱ्या जवळजवळ ताणतच नाहीत. बाण सुटताना बसणारा हिसका थेट लिम्बच्या (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांच्या) टोकांवर येतो आणि मजबुती न दिलेली जुनी टोकं तडकतात. डॅक्रॉन थोडं ताणून तो धक्का झेलतं. बाण दोन पावलं हळू जाईल, जाऊ दे.

दोरी चढवायला स्ट्रिंगरच, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवायचा मदतीचा दोरच, वापरा. पायात अडकवून वाकवलं की लिम्ब पिळतं. बाण न लावता दोरी ओढून सोडणं कधीच नको. आणि हो, एप्रिल-मेच्या उन्हात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेनं थरांमधला गोंद सुटतो.