पाय मुरगळला? या चुका टाळा, नाहीतर तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळेल

खो-खो खेळणारी नववीतली एक मुलगी आईसोबत माझ्याकडे आली होती. उजवा घोटा वर्षभरात चौथ्यांदा मुरगळला होता. पहिल्या वेळी आजीने आंबेहळदीचा लेप चोळून लावला. दुसऱ्या वेळी गावातल्या एका जाणत्याने पाय ओढून ‘बसवला’. तिसऱ्या वेळी क्रेप बँडेज गुंडाळून ती आठव्या दिवशी मैदानात उतरली. आणि आता चौथ्यांदा, नुसता जिना उतरताना. “मॅडम, माझं हाडच कच्चं आहे का?” तिने विचारलं.

सूज उतरल्यावर मी तिला एका पायावर उभं केलं. डाव्यावर ती आरामात उभी राहिली. उजव्यावरही राहिली, पण डोळे उघडे असेपर्यंतच. “आता मिट” म्हटलं, तर तीन सेकंदांत घोटा थरथरायला लागला, पायाची बोटं जमीन धरू लागली आणि तिने आईचा हात पकडला. हाड ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते लिगामेंटचं असं एक काम, ज्याकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी चिवट पट्टी. पाठ्यपुस्तकात तिला अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडतो तो टेंडन, तो वेगळा. बोलताना आपण या दोन्हींना आणि वर मज्जातंतूलाही सरसकट ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो. मला हे शब्द खटकतात ते शुद्धतेसाठी नव्हे. एकदा ‘शीर आखडली’ म्हटलं की माणूस ती मोकळी करायला चोळायला बसतो, आणि फाटलेल्या पट्टीला चोळण्यासारखं वाईट काही नाही.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अशा तीन पट्ट्या असतात. पाऊल खाली झुकलेलं असताना आत वळलं की सगळ्यात आधी पुढची पट्टी ताणली जाते किंवा फाटते. तिचं नाव अँटीरियर टॅलोफिब्युलर लिगामेंट. आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट पंख्यासारखं पसरलेलं आणि बरंच दणकट असतं, म्हणून पाय बाहेरच्या दिशेला मुरगळल्याचं क्वचितच दिसतं.

सांधा बांधून ठेवणं हे लिगामेंटचं अर्धंच काम झालं. या पट्ट्यांमध्ये मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. पाऊल किती कललंय, ताण किती आलाय, हे ती सतत मेंदूला कळवत असतात. दगडावर पाय पडून कलू लागला की आपण विचार करायच्या आत स्नायू तो सावरतात, ते या खबरीच्या जोरावर. 1965 साली इंग्लंडमध्ये डॉ. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मुरगळल्यानंतर पाय ‘दगा देतो’ त्यामागे ही बिघडलेली जाणीव असते आणि तोल सांभाळायच्या व्यायामाने ती सुधारता येते. आज साठ वर्षांनीही आपल्याकडे बहुतेक लोक बँडेज सुटलं की उपचार संपले असंच धरतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या चुका

पट्टी फाटते तेव्हा तिच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. निळं-काळं पडतं ते त्यामुळेच. अशा वेळी तेल लावून मालिश केली किंवा गरम शेक दिला की रक्तस्राव आणि सूज वाढते. लेप लावून आजीला आणि तुम्हाला बरं वाटत असेल तर हलक्या हाताने जरूर लावा. पण चोळू नका आणि कडकडीत गरम लावू नका. पाय ओढून घेणं मात्र अजिबात नको. साध्या मुरगळण्यात काही सरकलेलंच नसतं, त्यामुळे बसवायलाही काही नसतं. आणि खरंच हाड मोडलं असेल तर ओढल्याने ते आणखी हलतं.

क्रेप बँडेज बांधल्यावर बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली तर ते लगेच सोडून सैल बांधा. रात्री झोपताना घट्ट बांधून ठेवू नका.

बर्फाचंही सांगते. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, हे चार शब्दांचं सूत्र 1978 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केलं. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. दुखणं कमी करायला कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. पण पंधरा दिवस पाय खाटेवरून खाली न ठेवणं ही चूकच आहे. हलकी किंवा मध्यम दुखापत असेल तर दोन-तीन दिवसांनी, घोट्याला आधार देणारा पट्टा लावून, सोसेल तेवढा भार टाकत चालायला लागा. नव्या धाग्यांना थोडा ताण मिळाला तरच ते ताणाच्या दिशेने रचले जातात, नाहीतर अस्ताव्यस्त वाढतात.

एक्स-रे कधी, आणि त्याचा अर्थ काय?

कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 मध्ये यासाठी तयार झालेले नियम आजही जगभर वापरतात, आणि ते घरीही लक्षात ठेवता येतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं मागच्या कडेने टोकापर्यंत, म्हणजे खालचे साधारण सहा सेंटीमीटर, दाबून बघा. करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारं हाडाचं टोक दाबा. घोट्याच्या पुढे, पावलाच्या आतल्या बाजूला वर आलेलं हाड दाबा. यातल्या एखाद्या ठिकाणी थेट हाडावर दुखलं, किंवा लंगडत का होईना चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असलेले यांच्या बाबतीत नियमांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

उलट बाजूची चूक जास्त घडते. “एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालं नाही.” एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. पट्टी पूर्ण तुटलेली असतानाही एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो.

सगळ्यात मोठी चूक

दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट भरलं, असं मानणं. दुखणं बऱ्याचदा पंधरा दिवसांत ओसरतं. लिगामेंटला रक्तपुरवठा तोकडा असल्याने आतली दुरुस्ती सावकाश चालते: पहिले काही दिवस सूज, मग साधारण सहा आठवडे कच्च्या कोलॅजनची, म्हणजे पट्टी ज्या प्रथिनाच्या धाग्यांची बनते त्याची, भर, आणि त्यानंतर ते धागे पक्के व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही. आठव्या दिवशी खेळायला उतरणारी मुलगी कच्च्या धाग्यांवर आणि खबर न देणाऱ्या घोट्यावर खेळत असते.

यासाठी मी जे करून घेते ते घरात, फुकटात होतं. दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, एक हात बेसिनच्या काठाजवळ ठेवून. तीस सेकंद स्थिर जमलं की डोळे मिटून, भिंतीशी. ते जमलं की घडी घातलेल्या सतरंजीवर. सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम. मग एका पायावर उडी, शेवटी धावत दिशा बदलणं. दोन्ही पायांच्या उड्या सारख्या पडेपर्यंत सामना खेळायचा नाही. त्या मुलीला दहा आठवडे लागले, आणि तेवढे दिवस तिच्या क्रीडाशिक्षकांना थोपवून धरणं हेच सर्वांत अवघड होतं.

हे सगळं करूनही सहा-आठ आठवड्यांनी सूज टिकून असेल, घोटा मध्येच अडकत असेल, किंवा दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मधोमध असेल, तर दुखापत वेगळी असू शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

गुडघ्याचं थोडक्यात. वळताना ‘टक्’ आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटल्याची शंका घ्या. महिन्याभरात चालणं नीट होतं म्हणून कबड्डी खेळायला गेलात तर पुढच्या वेळी गुडघ्यातल्या हाडांमधली गादीही (मेनिस्कस) फाटू शकते. फाटलेल्या प्रत्येक एसीएलला ऑपरेशन लागतंच असंही नाही. वय, काम आणि खेळ बघून ते ठरतं.

कंबर आणि मान

मणक्यांच्या लिगामेंटचा स्वभाव लावणीच्या दिवसांत नीट दिसतो. दिवसभर ओणवं राहून भात लावलं की पाठीमागच्या पट्ट्या हळूहळू लांबतात, आणि सरळ उभं राहिलं तरी लगेच मूळ लांबीवर येत नाहीत. त्याच क्षणी रोपांच्या मुठींनी भरलेली पाटी उचलली की कमरेत उसण भरते. तासन् तास पोक काढून लॅपटॉपवर बसल्यावर लगेच पाण्याचा जार उचलणाऱ्यांचंही तेच होतं. उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं चाला, हात कमरेवर ठेवून थोडं मागे वाका.

उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची पद्धत अजून आहे. उसण बहुतेक वेळा आपणहून काही दिवसांत उतरते, म्हणून ती पायाळूच्या पायाने गेली असं वाटतं. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बाईचा मणका मात्र अशा झटक्याने मोडू शकतो. आणि कमरेच्या दुखण्याबरोबर जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर एक दिवसही थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मानेत पहिल्या दोन मणक्यांना जागेवर ठेवणारी एक आडवी पट्टी असते, ट्रान्सव्हर्स लिगामेंट. ती सैल झाली तर मणक्याचं हाड मज्जारज्जूवर दाबू शकतं. आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ती झिजते, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या काहींमध्ये मुळातच सैल असते. शिवाय मान कडकन मोडताना बसलेल्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नोंदींत आहेत. सलूनमध्ये डोक्याची मालिश खुशाल करून घ्या, पण खुर्चीत बसतानाच सांगा: “दादा, मान मोडू नका.” आमवात असलेल्या वडिलांना सोबत नेलं असेल तर त्यांच्या वतीनेही तुम्हीच सांगा.