आमच्या बोक्याच्या हिरड्या

आमचा गुंड्या आठेक महिन्यांचा झाला आणि त्याच्या तोंडाला वास मारायला लागला. ओठ वर करून पाहिलं तर दाढांच्या कडेने लालभडक रेघ. पक्के दात येताना काही मांजरांच्या हिरड्या अशा सुजतात. पण डॉक्टरांनी आधी कॅल्सी व्हायरस (मांजरांना सर्दी आणि तोंडात फोड आणणारा), एफआयव्ही (त्यांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू) आणि मांजरांचा ल्युकेमिया विषाणू यांची शंका फेडून घेतली, ते बरंच केलं. त्यातलं काही असतं तर नुसत्या ब्रशने भागलं नसतं. साचलेलं कीटण त्यांनी भूल देऊन काढलं. ते घरी नखाने खरवडायच्या फंदात पडू नका.

घरचं काम त्यानंतरचं. दातांवरचा चिकट थर काही दिवसांतच कडक होतो, म्हणून ब्रश रोज. सुरुवातीला उकडलेल्या चिकनच्या बिनमिठाच्या पाण्यात बोट बुडवून नुसतं हिरडीवरून फिरवलं. मग बोटाला गॉज गुंडाळून, मग तान्ह्या बाळांचा मऊ ब्रश आणि मांजरांसाठीची पेस्ट. तोंड उघडायची गरजच नाही. गाल जरा मागे ओढायचा आणि वरच्या दाढांची बाहेरची बाजू हलकेच घासायची. आतली बाजू त्याची खरखरीत जीभ बऱ्यापैकी सांभाळते.

आपली टूथपेस्ट नको. लवंग तेल तर अजिबात नको, आजी कितीही म्हणाली तरी. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. पॅरासिटामॉल तर सरळ जीव घेते.

आता हिरडी फिकी गुलाबी आहे. डाव्या मागच्या दाढेपाशी थोडी लाली उरलीय. तिथून रक्त आलं किंवा त्याने खाणं सोडलं, तर थेट डॉक्टरांकडे.