बायपासनंतर फुप्फुसात बुरशी: नातेवाइकांनी काय बघायचं

मी पुण्यात हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत सिस्टर आहे. नातेवाईक टाक्यांबद्दल विचारतात, जेवणाबद्दल विचारतात, पण बुरशीबद्दल कुणीच विचारत नाही. हा संसर्ग क्वचित होतो, मात्र झाला तर जिवावर बेततो.

अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे असतात आणि हवेत सगळीकडेच असतात. धडधाकट माणसाला ते बाधत नाहीत. व्हेंटिलेटर लांबला, स्टेरॉइड चालू आहे, साखर चढलेली आहे, अशा पेशंटच्या फुप्फुसात मात्र ते रुजतात. तोडफोड, फॉल्स सीलिंग काढणं, भिंतीला ओल येणं यांनी ते वाढतात. म्हणून वॉर्डाजवळ कुठे काम चालू आहे का, हे आधी विचारा. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना धुळीचा पॅसेज टाळायला सांगा. तो टळत नसेल, तर पेशंटला एन-९५ मास्क झेपेल का, हे डॉक्टरांना विचारा.

कुंड्या, फुलांचे गुच्छ आणू नका. दगडूशेठचं फूल उशाशी ठेवण्यामागची माया मला कळते, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत ते सडतं आणि त्यावर बुरशी धरते. ते घरी देवापाशी ठेवा.

अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटत नाही, बेडक्यात रक्त दिसतं, ऑक्सिजन पुन्हा वाढवावा लागतो, असं झालं तर स्पष्ट विचारा: "डॉक्टर, बुरशीची तपासणी करायची का?" साध्या एक्स-रेत सुरुवातीला ती सुटू शकते. सीटी आणि गॅलॅक्टोमॅनन तपासणी (बुरशीचा अंश शोधणारी), लागल्यास दुर्बिणीने फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना, यांवरून निदान होतं. बेडक्याच्या रिपोर्टात कॅन्डिडा ही दुसरी बुरशी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा ती नुसती वस्तीला असते, आजार करत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅस्परजिलसवर बहुधा व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध देतात, तेही निदान ६ ते १२ आठवडे. कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन चालू असेल, तर व्होरिकोनाझोलने रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कधी करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. कोलेस्टेरॉलची आणि ठोक्यांची औषधंही डॉक्टरांना दाखवा. व्होरिकोनाझोलची गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर एक तासाने द्यायची, आणि उन्हात जाताना अंग झाकायचं. व्होरिकोनाझोल संपल्यावर किंवा बंद केल्यावरही आयएनआर पुन्हा तपासावा लागतो, कारण तेव्हा तो उलटा खाली येतो.