बिलाचा कागद हाताळायचा कसा: काउंटरला नवीन लागलेल्या मुलींसाठी

दिवाळीआधीच्या शनिवारी माझ्या काउंटरवरून ४१२ बिलं निघाली. गिऱ्हाइकांनी आपापलं एकेक बिल पिशवीत टाकेपर्यंत धरलं. मी सगळी ४१२ धरली. म्हणून हे गिऱ्हाइकांसाठी नाही, आपल्यासाठी लिहितेय.

आधी कागद ओळखा. बिलाच्या गुळगुळीत बाजूवर नखाने जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली की तो थर्मल कागद. त्यात शाई नसते, उष्णतेने लेपातला रंग उमटतो. त्यासाठी लागणारं रसायन पुष्कळदा बिसफेनॉल ए, म्हणजे बीपीए, नाहीतर त्याच्याच भावकीतलं बीपीएस असतं. ते कागदात घट्ट बांधलेलं नसतं, त्यामुळे बोटांना लागतं आणि कातडीतून थोडं आतही जातं. आत गेलं की शरीर त्याला इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन, समजून फसतं. बीपीएचा हा गुण लंडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवला होता. तरी ते आपल्या गल्ल्यापर्यंत आलंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने बिल धरू नका. कोरोनात आम्ही दर गिऱ्हाइकामागे बाटली दाबायचो, आणि हात वाळायच्या आत पुढचं बिल फाडायचो. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ साली नेमकं हेच तपासलं होतं: सॅनिटायझर लावून पावती धरायची, त्याच हाताने बटाट्याचे तळलेले काप खायचे. रक्तातलं बीपीए वाढलेलं सापडलं. सॅनिटायझरमधल्या आणि क्रीममधल्या काही घटकांमुळे कातडीची अडवणूक ढिली पडते. म्हणून क्रीम लावायचं ते शिफ्ट संपल्यावर. मधे हात साबण-पाण्याने धुवा, कोरडे पुसा. डबा उघडण्याआधी तर धुवाच. काउंटरमागे उभ्याने वडापाव खायची सवय मलाही होती.

बिल दातात धरणं, थुंकी लावून गड्डी मोजणं, ब्लाउजमध्ये खोचणं बंद. बिल छापील बाजू आत घडी घालून द्या, चुरगळू नका. नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पातळ, हातमोजे चांगले, पण उन्हाळ्यात दिवसभर कोण घालणार? मी रोल बदलताना आणि रात्री हिशेब जुळवतानाच घालते.

कागद बदलून मागायचा तर नुसतं ‘बीपीए-फ्री’ म्हणू नका. युरोपात २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात वजनाच्या ०.०२ टक्क्यांहून कमी बीपीए असावं असा नियम आला, तर अनेकांनी बीपीएस घातलं. बीपीए आणि बीपीएस दोन्ही फिनॉल आहेत, म्हणून ‘फिनॉल-फ्री’ मागा. आमच्या मालकांना मी मागितला, तर म्हणाले, “स्वस्त पडतो तोच येणार.” तब्येतीचं बोलणं तिथेच संपलं. मग मी महिन्याला किती रोल लागतात ते मोजून दाखवलं आणि विचारलं, “मोबाइलवर बिल पाठवलं तर निम्मे वाचतील ना?” हे मात्र लगेच पटलं. आता आम्ही आधी विचारतो, “छापील हवंय का?” बरेच जण नको म्हणतात.

दिवस गेले असतील तर लाजू नका, रॅक लावायचं काम मागून घ्या. पोटातल्या बाळाची वाढ हार्मोनच्या इशाऱ्यांवर चालते, तिथे जपलेलं बरं. घाबरूनही जाऊ नका. बीपीए काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. अडचण एवढीच, की दुसऱ्या दिवशी आपली शिफ्ट असते. मला पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास, आहे. काही अभ्यासांत बीपीए आणि पीसीओएस जोडीने दिसले आहेत, पण एकामुळेच दुसरं झालं असं त्यातून ठरत नाही. म्हणून माझ्या दुखण्याचं खापर मी रोलवर फोडत नाही.

एसटीचे कंडक्टर, पेट्रोल पंपावरची पोरं यांच्याही हातात दिवसभर असाच कागद असतो. ओळखीचं कुणी असेल तर नखाची युक्ती त्यांनाही सांगा.

आणि उरलेला रोल मुलांना चित्रं काढायला घरी नेऊ नका. मी नेला होता. धाकटीने त्याची लांबच लांब आगगाडी केली आणि तिचं टोक चघळत बसली. आता तिला जुन्या वह्यांची पाठकोरी पानं देते.