खाणमातीच्या ढिगाला पडलेल्या भेगा

ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या उतारावरच्या दगडखाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग. जूनच्या पहिल्या सरींतच माथ्यावर कडेला समांतर भेगा. कारण उघड होतं: डंपर कडेवरूनच ओतत होते, त्यामुळे उतार सुमारे 37 अंश, म्हणजे जेमतेम तोललेला, वर पाण्याचं तळं.

आधी पायथ्याची ये-जा बंद, भेगा चिकणमातीने ठासून बुजवल्या. मग पोकलेनने वरून खाली (खालून कधीच नाही, पायथा सुटतो) 5 मीटरचे टप्पे, मध्ये 3 मीटरचा बेंच (सपाट पायरी), उतार 1 उभा 2 आडवा. बेंचचा ढाळ आतल्या बाजूला, तिथून चर कडेला. पायथ्याशी डबर भरलेल्या जाळीच्या पेट्या. मुरूम भरला तर पाणी तुंबतं.

पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेल्या धातूखाणीत एवढ्याने भागत नाही, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. आपल्या काळ्या दगडाला ती कटकट नाही.