‘कळा’ला ‘कला’ वाचणाऱ्यांसाठी

माझं शिक्षण पहिलीपासून हिंदी माध्यमात. घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, मराठी वस्तीत, त्यामुळे बोलायला मराठी होतं, पण वाचायचं म्हटलं की घाम फुटायचा. कॉलेजात असताना कविता वाचायची हुक्की आली आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांना आम्ही आजोबाच म्हणतो. त्यांनी भा. रा. तांबे पुढ्यात टाकले. तांबे इथले राजकवी, 1941 साली गेले. म्हटलं, आपल्याच गावचे, जमेल.

पहिलीच ओळ मी ठणकावून वाचली: ‘कला ज्या लागल्या जीवा, मला की ईश्वरा ठाव्या’. वर अर्थही सांगितला, की कवीला गाण्याचा, चित्रांचा नाद लागलाय. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, ‘पोटात कळ आली म्हणतोस ना? तीच ही. अनेक आल्या की कळा.’

हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून आपली जीभ तिथे घसरते आणि सबंध कविता वेगळ्याच गावाला जाते. तेव्हा सुरुवातीला मोठ्यानेच वाचा, आणि ऐकायला मराठी कान असलेलं कुणीतरी समोर बसवा. आजी असेल तर उत्तम.

मग आजोबांनी बोटांवर मोजायला लावलं. ह्रस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ ते गुरू, दोन मात्रा. दोह्याच्या ओळीतल्या तेरा-अकरा मात्रा शाळेत घोकलेल्या असल्यामुळे हे मला सोपं गेलं (हिंदी शाळेचा एवढा फायदा झाला बुवा). क-ळा-ज्या-ला, ग-ल्या-जी-वा: लगागागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), असं चार वेळा, 16 अक्षरांची ओळ. वृत्ताचं नाव वियद्‌गंगा. अडलो ‘लागल्या’तल्या ‘ग’वर. पुढे जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरू होतं, मग हा ‘ग’ गुरू नको का? आजोबा म्हणाले, ‘“सज्जन” म्हण. “स”वर जोर येतो. आता “लागल्या” म्हण. “ग”वर येतो का?’ येत नव्हता. आघात नाही, म्हणून लघुच. नियम पाठ करण्याआधी तोंडाला विचारायचं, हे तेव्हा कळलं.

रात्री सायकलवरून येताना तोच ठेका डोक्यात होता आणि त्यावर आपोआप गालिब चढला, ‘हज़ारों ख़्वाहिशें ऐसी’. तंतोतंत तीच चाल! बाड्याच्या चौकाजवळ सायकल थांबवून मी पुन्हा बोटं मोजली. मराठी कविता परकी वाटणं त्या रात्रीपासून कमी झालं.

अर्थाची घाई मात्र करू नका. परीक्षेच्या गाइडमधलं रसग्रहण आधी वाचलं की कवितेत तेवढंच दिसतं. माझं पहिलं वर्ष त्यात वाया गेलं. मी आता कविता हाताने वहीत उतरवतो आणि समासात दोनच गोष्टी लिहितो: कोण बोलतंय, कुणाशी. अडलेल्या शब्दाला मोल्सवर्थचा कोश आहे. 1857 ची आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. अर्थ इंग्रजीत आहेत, पण जुने शब्द तिथे हमखास सापडतात.

मुक्तछंदाला ही बोटं चालत नाहीत. तिथे मी ओळ कुठे तोडलीय ते बघतो आणि तोडलेल्या जागी थांबून वाचतो. अजून निम्म्या कविता निसटतात. परवा आजोबांसमोर ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणालो. त्यांनी नुसता चष्मा वर केला.