जहाजाचं सेवापुस्तक कसं लिहावं

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आस्थापना टेबलावर झाली. शिक्षक, ग्रामसेवक, परिचर अशा शेकडो जणांची सेवापुस्तकं, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या वह्या, मी लिहिली. घरच्या कपाटात मात्र एक जपून ठेवलंय, ते विक्रांत या विमानवाहू जहाजाचं. आमचे चुलते, नाना, तिच्या बॉयलर रूममध्ये, म्हणजे जहाज चालवणारी वाफ तयार होते तिथे, होते. नाना जहाजाला ‘ती’च म्हणायचे, म्हणून मीही तसंच लिहितो.

नानांचे कागद शिल्लक असते तर मी या कामाला बसलो नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमचं माळवद खाली आलं. घरातली माणसं वाचली. नानांची लोखंडी पेटी काही दिवसांनी मातीतून निघाली, तेव्हा आतल्या फोटोंचा आणि दाखल्यांचा लगदा झाला होता. मग मी त्यांची नोकरी जहाजाच्या बाजूने जुळवायला घेतली. जहाजाच्या तारखा कुठे ना कुठे छापून आलेल्या असतात, खलाशाच्या नसतात. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण नौदलातून परतलेली माणसं इथेही आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ही रीत वापरून बघा.

फुलस्केप आकाराचं जाड रजिस्टर घ्या. डावं पान जहाजाचं, उजवं माणसाचं. दोन्हीकडे चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, नोंद आणि कुणाकडून कळलं. चौथा रकाना कधीच मोकळा सोडू नका. आस्थापनेत साक्षांकनाशिवाय नोंद धरत नाहीत, तोच नियम इथेही. माणूस जहाजावर नव्हता त्या वर्षांची उजवी पानं कोरी राहतील, ती कोरीच राहू द्या.

पहिल्या पानावर नाव, ओळखीची खूण, उंची. विक्रांतचं पहिलं नाव हर्क्युलिस. ब्रिटिश नौदलासाठी तिची बांधणी सुरू झाली १९४३ मध्ये. लांबी सुमारे २१३ मीटर, वजन पूर्ण भारासह साडेएकोणीस हजार टनांच्या आसपास, ओळखीची खूण म्हणजे अंगावरचा क्रमांक आर-११. बोधवाक्य ऋग्वेदातलं, ‘जयेम सं युधि स्पृधः’: आमच्याशी स्पर्धा करणाऱ्यांना आम्ही युद्धात जिंकू.

जन्मतारखेपाशी बहुतेकांची गल्लत होते. जहाजाला तीन तारखा असतात आणि तिन्ही वेगळ्या लिहाव्या लागतात. पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ ला. सेवेत रुजू झाली ४ मार्च १९६१ ला, बेलफास्टमध्ये, तेव्हाच्या आपल्या ब्रिटनमधल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते. पहिले कप्तान प्रीतम सिंग महिंद्रू. मुंबईला पोचली ३ नोव्हेंबर १९६१ ला आणि पंडित नेहरूंनी तिचं स्वागत केलं. सेवा मोजायची ती रुजू तारखेपासून.

आता पाण्यात उतरण्यापासून रुजू होण्यापर्यंतची पंधरा-सोळा वर्षं बघा. आमच्या भाषेत हा सेवेतला खंड, म्हणजे मधली रिकामी वर्षं. महायुद्ध संपलं, १९४६ मध्ये काम थांबलं आणि ती अर्धवट पडून राहिली. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हातून सुटला, त्या दिवशीही ती तशीच उभी होती. भारताने १९५७ च्या जानेवारीत ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत पूर्ण करून घेतली. पडून राहिली म्हणून एक फायदाही झाला: मधल्या काळात निघालेली तिरकी धावपट्टी आणि विमान फेकणारा वाफेचा कॅटापल्ट तिला बसवता आला. खंड गाळला असता तर ही गोष्ट हाती लागली नसती.

रजेच्या पानाबद्दल मी आग्रहाने सांगतो, कारण चूक माझ्याच हातून झालीय. २६ जानेवारी १९९८ ला गावच्या शाळेत मी विक्रांतवर मोठा तक्ता लावला आणि ‘१९६५ च्या युद्धात पराक्रम’ असं ठळक लिहिलं. नाना तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “बाबा, तवा ती गोदीत होती की.” खरंच होतं. १९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती आणि पाकिस्तान मात्र ती बुडवल्याचं सांगत होता. पोरांसमोर खोटी नोंद लावली याचं मला आजही वाईट वाटतं. वैद्यकीय रजा लपवू नका. आजारपण कळलं नाही तर पुढचं कामही नीट कळत नाही.

सगळ्यात जास्त पानं १९७० आणि १९७१ ला द्या. १९७० मध्ये विक्रांतच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या ड्रमला तडे सापडले. वाफेचा दाब कमी ठेवावा लागला, म्हणजे वेग कमी. ती युद्धाला नेण्याजोगी आहे का, हीच शंका होती. विमानवाहू जहाजाचा वेग कमी होणं म्हणजे काय, हे मला आमच्या खळ्यावरून समजलं. वारा पडला की उपणणी थांबते, माणूस पाटी धरून वाऱ्याची वाट बघत उभा राहतो. विमान उडायलाही समोरून वारा लागतो. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवतं, आणि वारा कमी असेल तर स्वतः पळून तो तयार करतं. त्यात कॅटापल्टला लागणारी वाफही त्याच बॉयलरची. दुखणं बॉयलरला, आणि पहिला फटका विमानांना.

अशा अवस्थेत कप्तान स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ती बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. पाणबुड्या शोधणारी अलिझे विमानंही सोबत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. बक्षिसांच्या रकान्यात लिहा: दोन महावीर चक्रं, बारा वीर चक्रं.

याच पानावर एक वादाची नोंद येते. विक्रांतला शोधायला पाकिस्तानने गाझी पाणबुडी पाठवली होती. विक्रांत अंदमानकडे लपली होती, आणि ती विशाखापट्टणमजवळ आहे असं भासवण्यात आलं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमपाशी बुडाली. ती आपल्या राजपूत युद्धनौकेच्या बॉम्बमुळे बुडाली असं आपलं नौदल सांगतं; तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला असंही सांगितलं जातं. अशा वेळी दोन्ही बाजू एकाखाली एक लिहा, पेन्सिलने. शाईने फक्त तारीख आणि ठिकाण. तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली जुन्या वाचनालयात मिळाल्या तर जरूर बघा, पण जहाज कुठे आहे हे युद्धात कुणी छापत नाही, एवढं लक्षात ठेवा.

उजव्या पानासाठी म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं तर ‘युद्ध कसं होतं’ असं विचारू नका. मी तसं विचारलं तेव्हा नाना “होतं बाबा” म्हणून गप्प बसले. हाताशी येणारं विचारा. पाळी किती तासांची? चार. पायात काय असायचं? घाम पुसायला काय? खाली उतरायची शिडी कोणत्या बाजूला? अशा प्रश्नांवर ते तासभर बोलले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातलं शिक्षण, तिथला पाऊस, बॉयलरपुढची धग, सगळं निघालं. मग मी विचारलं, “पहिलं विमान उडालं ते बघितलं का नाना?” ते म्हणाले, “कुठलं रे. आम्ही खाली. डोक्यावर धडाम् वाजायचं, मग समजायचं एक गेलं. परत आलेली मोजायचो.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. डाव्या पानावर हल्ला, उजव्या पानावर आवाज. घरच्यांनी बोललेलं शुद्ध करून लिहू नका.

पुढची वर्षं थोडक्यात चालतील, नाना तोवर गावी परतले होते. १९८३ पासून सी हॅरियर विमानं आली, पुढे कॅटापल्ट काढून नाकाकडे धावपट्टीला चढ दिला. सेवानिवृत्ती ३१ जानेवारी १९९७. दोन्ही दिवस धरून सेवा भरते ३५ वर्षं, १० महिने, २८ दिवस. हा हिशेब मी नानांसमोर कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः परत मोजून बघितला.

निवृत्तीवर पुस्तक बंद करू नका, निवृत्तीनंतरची पानंही जोडा. मुंबईत काही वर्षं ती संग्रहालय म्हणून होती. जपायला पैसा उभा राहिला नाही. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही ती वाचली नाही आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईच्या दारूखाना भागात तिची तोडणी सुरू झाली. मला हे पान लिहायला फार जड गेलं, तरी तारखा गाळल्या नाहीत. त्याच नावाची नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत सेवेत आली. तिच्यासाठी वेगळं पुस्तक धरा, दोघींच्या नोंदी एकत्र करू नका.

जुन्या विक्रांतचं पोलाद २०१६ मध्ये बजाजच्या व्ही-१५ मोटारसायकलीच्या टाकीत वापरलं गेलं. आमच्या गल्लीतल्या एका पोराने ती गाडी घेतली आणि नानांना दाखवायला अंगणात आणली. नाना काठी टेकत आले. टाकी उन्हाने तापली होती, तरी त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. ती नोंद मी त्याच संध्याकाळी केली. डाव्या पानावर टाकी, उजव्या पानावर हात. ठिकाण, आमचं अंगण. चौथ्या रकान्यात: स्वतः पाहिलं.